शेपटीचा उलटा पीळ

माझ्या शिलाई मशीनवर हेलिकॉप्टर ठेवायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. तो मी केला आणि बिरुदेवनं मोडला. तोंडावर मी नवऱ्याला अहोजाहो करते, पण मनात तो बिरुदेवच, आणि इथं मला मनातलंच सांगायचं आहे. सोलापुरात शुक्रवार पेठेत माडीवर आमच्या दोन खोल्या. एकीत पाळणा, भांडीकुंडी आणि सासऱ्यांची वळकटी. दुसरीत माझं मशीन, गिऱ्हाइकांची ब्लाऊज आणि सगळ्या घरातली एकुलती एक धड खिडकी. आमची निम्मी भांडणं त्या खिडकीच्या उजेडावरून होतात. मला हूक लावायला उजेड लागतो आणि त्याला मोहरीएवढे स्क्रू शोधायला.

बिरुदेव एका दुकानात विहिरीवरच्या मोटारी भरतो. म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळून देतो. दिवसभर तेच करून घरी आला की हात धुतो आणि पुन्हा मोटारच उघडून बसतो, फक्त अंगठ्याएवढी. पुण्यातल्या कुणी हौशी माणसानं कंटाळून विकायला काढलेलं हे हेलिकॉप्टर त्यानं खोक्यातून आणलं, तेव्हा त्याचे निम्मे भाग सुटे होते. लांबीला माझ्या हाताएवढं. वर मोठा पंखा, मागं काळी नळी, नळीच्या टोकाला छोटा उभा पंखा. रिमोटवर उडतं. खेळणं म्हटलेलं त्याला खपत नाही, म्हणून मी खेळणंच म्हणते.

या खेळण्याचा जीव शेपटीत आहे, हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय. वरचा पंखा एका बाजूला फिरला की खालच्या धडाला दुसऱ्या बाजूला फिरायची ओढ लागते. ती ओढ शेपटीचा पंखा अडवून धरतो. वाऱ्यानं शेपूट हललीच, तर जायरो नावाची काडेपेटीहून लहान डबी ते ओळखते, शेपटीच्या पात्यांचा कल आपोआप बदलते आणि शेपूट जागेवर आणते. शेपटीच्या पंख्याला स्वतःची मोटर नसते. पुढच्या चाकावरून एक दातेरी रबरी पट्टा नळीतून मागं जातो आणि त्याला फिरवतो. पुढचं चाक आडवं, मागचं उभं, म्हणून नळीत शिरताना त्या पट्ट्याला पाव पीळ द्यावा लागतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे आहे, बाकीचं मलाही कळत नाही.

आता मामांबद्दल. मामा म्हणजे माझे सासरे, येडू मामा. सांगोल्याकडच्या वस्तीवर मेंढरांमागं त्यांचा जन्म गेला. गेल्या साली सासूबाई गेल्या, मग मामांचे गुडघे गेले, मग मेंढरं बिरुदेवच्या चुलत्याच्या पोरांकडं गेली. वस्तीवर एकटेच पाय घसरून पडले तेव्हा बिरुदेवनं त्यांना उचलून सोलापूरला आणलं. येताना त्यांच्याकडं एक घोंगडं, भंडाऱ्याची पिशवी, थोडी लोकर आणि टकळी एवढंच होतं. मांडीवर टकळी घासून सूत काढायचं आणि संध्याकाळी माडीच्या पायरीवर बसून खालची वर्दळ बघायची, हा त्यांचा दिवस. लोकर संपत आली तसे ते सूत बारीक काढायला लागले.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. टेंभुर्णीला आईनं आम्हाला वाढवलं, त्यामुळं घरात थोरलं माणूस असतं म्हणजे काय असतं, ते मला ठाऊक नव्हतं. मामा आले आणि मला घर भरल्यासारखं झालं. मी ओरडले तर ते हसायचे. माझी भाकरी करपली तर म्हणायचे, "करपल्याली पचाय बरी." हा माणूस मला फार आवडतो. त्यांना मी तसं कधी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या तोंडून जे निघतं ते बहुतेक रागातच निघतं.

हेलिकॉप्टरपाशी मात्र मामा लहान पोरासारखे रमायचे. बिरुदेव काम करत असला की शेजारी मांडी घालून बसायचे, चिमटा दे म्हटलं की चिमटा, तेल दे म्हटलं की तेल. दर रविवारी मंगळवेढा रस्त्याला तिऱ्ह्याच्या अलीकडच्या माळावर आम्ही सगळे ते उडवायला जायचो. मामा मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "घारीवानी थांबतंय की रं."

मग एकदा उतरताना शेपूट दगडाला लागून मागचा दांडा वाकला. बिरुदेवनं नवा दांडा आणला, नळी काढली, दांडा बदलला, पट्टा परत नळीतून ओवला. तेवढ्यात दुकानातून हाक आली म्हणून तो काम तसंच टाकून गेला आणि आल्यावर नळी बसवून स्क्रू आवळले. त्या रविवारी हेलिकॉप्टर जमिनीपासून उठलं मात्र, जागच्या जागी गरगरा फिरलं आणि आडवं झालं. बिरुदेव म्हणाला, जायरो उलटा झालाय, कसा झाला कुणास ठाऊक. त्यानं डबीवरचं बटण फिरवलं. पुढच्या रविवारी ते उठलं, जरा वेळ थांबलंसुद्धा. मग थोडा वारा आला, शेपूट हातातून निसटल्यासारखी सरकली आणि हेलिकॉप्टर बाभळीत गेलं. मोठ्या पंख्याची दोन्ही पाती मोडली.

मी बिरुदेवकडं बघत होते. मामांकडं बघायला हवं होतं. ते बाजूला उभे होते आणि पायातली चप्पल काढून हातात घेतली होती, देवळाबाहेर काढतात तशी. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी घोंगड्याची वळकटी बांधली.

"पोरी, येत्या ऐतवारी मला सांगोल्याच्या गाडीत बसवून दे," ते मला म्हणाले.

"का? हितं काय झालं?"

"माजा पायगुण बरा न्हाय. आदी म्हातारी गेली. मग मेंढरं गेली. आता हितं आलो तर पोराचं यंतर पडाय लागलं. मी यायच्या आदी ते पडत हुतं का?"

"आबा, यंतर हाय ते, पडतंयच की," बिरुदेव म्हणाला. "पायगुण बियगुण काय नसतंय." माळावर हातात घेतलेली ती चप्पल आता मला कळली.

"आज यंतर पडलं. उद्या काय पडल?" मामांनी पाळण्याकडं बघितलं. पाळण्यात आमची शिवानी झोपली होती. अजून तिला दोन दात आलेत फक्त.

मी भांडले. तिकडं भाकरी कोण घालणार, पडलात तर उचलणार कोण, सगळं विचारलं. मामा ऐकून घेत राहिले. भांडणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड आहे, आणि माझ्यासारखीला तिच्यापुढं काही करता येत नाही. शेवटी बिरुदेव म्हणाला, "आबा, ऐतवारपतुर मी शेपूट नीट करतो. तुमच्या देखत उडवतो. मग जावा, न्हायतर ऱ्हावा."

"बगू," मामा म्हणाले.

म्हणजे आता माझ्या घरातलं थोरलं माणूस एका खेळण्याच्या शेपटीवर अडकलं होतं. मी त्या दिवशी गिऱ्हाइकाची सगळी कापडं बाजूला केली आणि मशीनची फळी आपण होऊन मोकळी करून दिली. बिरुदेवनं माझ्याकडं दोनदा बघितलं.

आठवडाभर दुकानातून आला की तो शेपटीला बसायचा. नवी पाती आली होती, पण त्याचं लक्ष शेपटीकडंच. शेपटीची पाती ओढणारी एक बारीक तार असते आणि ती तार ओढणारा एक छोटा प्लॅस्टिकचा हात. मधल्या जागी असताना तो हात तारेला काटकोनात हवा. त्यानं तो काढून एक दाता सरकवून पुन्हा बसवला. मग तारेच्या टोकाची कडी फिरवून तार किंचित लहान केली, म्हणजे मागच्या दांड्यावर मागंपुढं सरकणारी बोंडी बरोबर मध्ये आली. ती एका टोकाला गेली तरी अडकत नाही ना, दुसऱ्या टोकाला गेली तरी अडकत नाही ना, हे त्यानं कान लावून बघितलं. मग शेपूट हातानं डावीकडं ढकलायची आणि पाती कुठं वळतात ते बघायचं, उजवीकडं ढकलायची आणि पुन्हा बघायचं. मी बॅटरीचा उजेड धरून उभी. मामा त्या दिवसांत खोलीत आलेच नाहीत, पायरीवर बसून राहिले.

"सगळं बरुबर हाय," शुक्रवारी बिरुदेव कपाळ चोळत म्हणाला. "फळीवर सगळं बरुबर हाय. आन् हवेत गेलं की बिनसतंय."

"तुमी त्या डबीचं बटण फिरवलं ना मागल्या खेपेला?"

"व्हय. ते फिरवलं म्हणून तर उठलं तरी."

"पण दांडा बदलायच्या आदी तीच डबी तशीच चालत हुती की. मग ती उलटी करावी का लागली?"

मला यंत्रातलं काही कळत नाही, पण पट्टा कळतो. शिवण शिकताना मी एकदा मशीनचा चामडी पट्टा घाईत तिढा देऊन चढवला होता. पाय नेहमीसारखाच मारत होते आणि चाक मात्र उलटं फिरत होतं. दोरा तुटून तुटून जीव गेला. बाईंनी पट्टा सरळ केला तेव्हा कुठं शिवण धरली. तेच मला आठवत होतं. मी बॅटरी त्याच्या हातात दिली आणि मोठा पंखा बोटानं हळूच फिरवला, तो उडताना फिरतो त्याच बाजूला. मागं शेपटीचा पंखा फिरला.

"खोक्यातल्या त्या पुस्तकात बघा. खालचं पातं कुटं जायला पायजे?"

त्यानं पुस्तकातलं शेपटीचं पान उघडलं. चित्रात बाण होता. खालचं पातं नाकाच्या दिशेनं पुढं यायला हवं होतं. आमचं मागं जात होतं.

बिरुदेवनं तीन-चार वेळा फिरवून बघितलं. मग कानशिलावर हात मारून घेतला. सगळी शेपूट त्यानं दहा वेळा खोलली होती, पण पट्ट्याकडं पाहिलं नव्हतं, कारण पट्टा त्यानं स्वतः ओवला होता. आपण केलेलं काम पुन्हा कोण तपासतं? पंखाच उलटा फिरत असताना त्यानं डबीही उलटी केली, म्हणून कसंबसं उठत होतं. पण पाती उलट्या धारेनं वारा कापत होती. त्यांच्यात जोर कुठला असणार!

"पण मी पीळ नीट दिल्याला. आईशप्पत. चित्र बघून दिल्याला."

त्यानं स्क्रू ढिले केले आणि नळी बाहेर ओढली. पट्टा मोकळा झाला. मी बॅटरी जवळ नेली. पट्ट्याच्या दात्यांमध्ये पिवळं काहीतरी बसलं होतं. बोटावर घेऊन हुंगलं. हळद.

आमच्या घरात भंडाऱ्याला हात लावणारं माणूस एकच. दांडा बदलायच्या त्या दुपारी मी कणीक मळत होते आणि दारातून मामांची पाठ दिसली होती. फळीवरच्या हेलिकॉप्टरवर वाकून ते काहीतरी पुटपुटत होते, शेजारी पिशवी उघडी. मला वाटलं, पोराच्या यंत्राला देवाचं लावताहेत, लावू देत. आता कळलं की हात पट्ट्यावरही फिरला होता.

बिरुदेवचा चेहरा उतरला. त्यानं दार लोटून घेतलं.

"हे बोलायचं न्हाय हां," तो हळू आवाजात म्हणाला. "मी पट्टा फिरवून ठेवतो. ऐतवारी उडल, ते खूश हुतील, ऱ्हातील. त्यांच्या हातानं पडलं हे कळलं तर आजच गठुडं उचलतील."

मला ते पटलं नाही, आणि मला जे पटत नाही ते माझ्या आवाजात लगेच येतं.

"तुमी गप बसून उडवलं की ते काय म्हणतील सांगू? म्हणतील, बगा, मी जायाचं ठरवलं आन् लगेच उडालं. मग तर देवानं सांगितलं तरी थांबायचे न्हाईत."

तो खाली बसला. "मग काय करायचं?"

"सांगायचं."

"तू सांग."

अवघड काम आलं की तू सांग. मला राग आला, पण सांगणार मीच होते, हे मलाही माहीत होतं. मनात नुसती धास्ती होती. खरं बोलून माणूस घालवायचा की खोटं बोलून, एवढंच माझ्यापुढं होतं. चूक म्हटलं की तिला दुरुस्ती असते आणि पायगुण म्हटलं की काहीच नसतं, एवढ्या एका गोष्टीवर मी भरवसा ठेवला.

सकाळी चहा झाल्यावर मी मामांना खिडकीपाशी बोलावलं. उघडी नळी, मोकळा पट्टा, सगळं तसंच ठेवलं होतं.

"मामा, यंतर पडलं ते तुमच्या पायगुणानं न्हाय पडलं," मी म्हणाले. "हातानं पडलं. ह्यो पट्टा तुमी फिरवला ना?"

त्यांनी पट्ट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही.

"व्हय."

"का?"

"तेला उलटा पीळ हुता." ते म्हणाले. बिरुदेव म्हणाला, "आबा, तसाच असतोय तो." तेव्हा ते मान हलवून म्हणाले, "तुला ठावं न्हाय. आमच्यात जित्या जिनसाला उलटा पीळ देत न्हाईत. उलट्या पिळाची दोरी एकदाच वळत्यात. ताटीला. मयत बांदायला."

त्यांनी दोन्ही तळवे पोरापुढं धरले.

"तुज्या आईच्या ताटीची दोरी म्या वळली," मामा म्हणाले. "तू सोलापूरहून यायच्या आदी. चुलत्याची पोरं म्हणाली, आमी वळतो, म्या म्हनलं, न्हाय, मीच वळणार. ह्याच हातानं. तवापासनं उलटा पीळ दिसला की छातीत धस्स हुतंय. तुज्या यंतरात तसला पीळ बगितला आन् वाटलं, पोर रोज हात लावतंय ह्याला. म्हणून सुलटा केला. भंडारा लावला. चांगलंच करावं म्हणून केलं."

बिरुदेव तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला. आईची दोरी आबांनी वळली, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला दोघांचीही कणव आली, आणि कणव आली की मला रडू येतं, आणि रडू आलेलं मला चालत नाही. मी पाळण्यातून शिवानीला उचलून आणलं आणि मामांच्या मांडीवर ठेवलं. तिचं झबलं वर केलं. कमरेला मामांनी वळलेला काळ्या लोकरीचा करगोटा होता. ते सोलापूरला आले तेव्हा शिवानी नुकतीच झालेली, आणि सगळ्यात आधी त्यांनी तोच वळला होता. मी रोज त्यांना सूत काढताना बघते, त्यामुळं उत्तर मला माहीत होतं. पण ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं.

"मामा, ह्यो करगोटा कसा वळलाय?"

"दोन पदरी."

"एकेक सूत कसं काढलं?"

"सुलटं." त्यांचा तळवा मांडीवरून पुढं सरकला, हातात टकळी असल्यासारखा.

"आन् दोन पदर एकत्र वळताना?"

त्यांचा तळवा तिथंच थांबला. मग हळूहळू मागं आला. एकदा आला, पुन्हा एकदा आला. आपला हात दुसऱ्याचा असावा तसे ते त्याच्याकडं बघत होते.

"उलटा," ते म्हणाले. "सुलटाच दिला तर दोन्ही पदर सुटत्यात की. उलटा दिला तर एकमेकाला धरत्यात."

"मग पोरीच्या कमरेला तुमी ताटीची दोरी बांदली का?"

जास्तच बोलले मी. बिरुदेवनं मला डोळे दाखवले. पण मी ते परत घेतलं नाही, कारण ते खरं होतं आणि ते कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. मामांनी करगोट्यावरून अंगठा फिरवला. शिवानीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली आणि तिनं त्यांचं बोट धरून तोंडात घातलं.

"हेच्यात काय काय फिरतंय?" त्यांनी विचारलं. बोट अजून पोरीच्या तोंडात होतं.

बिरुदेव पुढं सरकला. वरचा पंखा हातानं फिरवून दाखवला. मग धड उलटीकडं कसं फिरू बघतं ते दाखवलं, शेपटीचा पंखा त्याला कसा धरतो ते दाखवलं. "शेपूट सुटली की सगळं सुटतंय, आबा."

"म्हंजे हे बी दोन पदरीच हाय," मामा म्हणाले. मग, "पोरीला घे. आन् त्यो पट्टा आण इकडं."

बिरुदेवनं ब्रशनं पट्ट्यातली हळद झाडून पट्टा त्यांच्या हातात दिला. मामांनी तो अंगठा आणि तर्जनीत धरला. त्यांनी डोळे मिटले, कुणाचं तरी नाव घेतलं, बिरोबाचं की सासूबाईंचं ते मला ऐकू आलं नाही, आणि बोटं मागं वळवली. पाव पीळ, जास्त नाही. पट्टा नळीत शिरला. बिरुदेवनं मागचं चाक अडकवलं, नळी पुढं ढकलली, पट्टा ताणला. मी मोठा पंखा फिरवला. खालचं पातं नाकाच्या दिशेनं पुढं आलं.

मामांनी भंडाऱ्याची पिशवी काढली तसा बिरुदेव घाबरून म्हणाला, "आबा, पट्ट्याला नको, दाते बुजत्यात." मामांनी शेपटीच्या उभ्या पत्र्यावर बाहेरून एक बोट ओढलं. ते चाललं.

तरीही रविवारी निघताना त्यांनी वळकटी बरोबर घेतलीच. सांगोल्याची गाडी त्याच रस्त्यानं जाते, माळावरूनच हात करीन, म्हणाले. मला वाटलं होतं, आता ते मिटलं. मी रिक्षात तोंड फुगवून बसले. एका मांडीवर शिवानी, दुसऱ्या मांडीवर हेलिकॉप्टरचं खोकं, आणि पायाशी ते घोंगडं. सारखं पायाला लागत होतं आणि मी सारखी लाथेनं सरकवत होते.

माळावर वारा होता. बिरुदेव एरवी असल्या वाऱ्यात खोकं उघडत नाही. त्यानं आकाशाकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि खोकं उघडलं. बॅटरी जोडायला गेला तेव्हा मी विचारलं, "ती डबी परत होती तशी केली का?"

त्यानं केली नव्हती. पट्टा जागेवर आला आणि जायरो उलटाच राहिला असता तर शेपूट पुन्हा गरगरली असती. त्यानं खाली मान घालून बटण फिरवलं. मी त्यावर एक शब्द बोलले नाही. हे माझ्या आयुष्यात क्वचित घडतं आणि त्याची नोंद कुणी घेत नाही.

पंखा फिरायला लागला. आधी सावकाश, मग पाती दिसेनाशी झाली. बिरुदेवनं हळूच वर घेतलं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं. वाऱ्याचा झोत आला. हेलिकॉप्टर अख्खं बाजूला सरकलं, पण नाक जिथं होतं तिथंच राहिलं. शेपूट थरथरली आणि थांबली. दुसरा झोत आला, तेव्हाही तेच. बिरुदेवनं ते डोक्याच्या वर नेलं, नाक एकदा डावीकडं वळवलं, एकदा उजवीकडं, आणि जिथं सोडलं तिथं ते थांबलं. तो हसत होता. रिमोटवरची बोटं सोडता येत नव्हती म्हणून डोळ्यातलं पाणी तसंच वाहू देत होता.

मी मामांकडं बघितलं. यावेळी चपला पायात होत्या. ते हेलिकॉप्टरकडं बघत नव्हते, मान एका बाजूला करून काहीतरी ऐकत होते.

तेवढ्यात मागून लाल गाडी आली. पाटी सांगोल्याची. रस्त्याच्या कडेला माणसं, पायाशी वळकटी, हे बघून ड्रायव्हरनं आपण होऊन वेग कमी केला. कंडक्टरनं दार उघडून बाहेर मान काढली.

"येणार का, मामा?" त्यानं ओरडून विचारलं.

मी काही बोलायचं नाही असं ठरवलं. ओठ दातांखाली धरून उभी राहिले. मामांनी मागं वळून न बघताच हात केला, पुढं जा म्हणून, कळपात घुसणाऱ्या दुसऱ्याच्या मेंढराला हाकलतात तसा. दार आपटलं. गाडी धूळ उडवत निघून गेली.

"मामा, तुमची गाडी गेली," मी म्हणाले. आवाज मला हवा तेवढा कडक निघाला नाही.

"जाऊ दे की," ते म्हणाले. त्यांचा कान अजून वरच होता. "बिरू, खाली घे रं ते. आयक, मागनं फडफड येतीया. नवा पीळ हाय, बसला न्हाय अजून. पट्टा ढिला झालाय."

बिरुदेवनं हेलिकॉप्टर उतरवलं. पंखा थांबला तसे मामा गुडघ्यावर हात देत खाली बसले, वळकटी ओढून तिच्यावर नीट टेकले आणि स्क्रू पिळायच्या किल्लीसाठी हात पुढं केला. मी किल्ली दिली.